बाटलीचा अर्धा तास

वास तोच होता. ओल्या गोणपाटाचा, कुजक्या पाचोळ्याचा, बरेच दिवस न उघडलेल्या न्हाणीघराचा. एकतीस वर्षांपूर्वी याच हॉटेलात, याच जेवणघरात, खिडकीजवळच्या याच टेबलापाशी उभं राहून त्यानं तो हुंगला होता. आज पेल्यात जेमतेम घोटभर वाइन होती आणि ती त्यानं नाकाशी नेली होती ती केवळ रिवाज म्हणून. पाहुण्यांना ओतण्याआधी वाढणाऱ्यानं स्वतः घोटभर चाखून बघायची, असा या हॉटेलाचा जुना रिवाज. पेला नाकाशी गेला आणि तिथंच राहिला. समोर दोन बहिणी बसल्या होत्या, थोरली भूगोलाची निवृत्त शिक्षिका आणि धाकटी दातांची डॉक्टर, आणि दोघी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. "काय हो," थोरली म्हणाली, "बरी आहे ना? की आमच्या बाबांनी आम्हांला इतकी वर्षं नुसतंच झुलवलं?"

'खराब' हा शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं तो शेकडो वेळा उच्चारला असेल, तोही बिनदिक्कत, कारण त्याच्या नाकावर हॉटेलच्या मालकांचा, नेहमी येणाऱ्या चार बड्या लोकांचा आणि मुख्य म्हणजे त्याचा स्वतःचा पुरा भरवसा होता. आज तो शब्द काही केल्या बाहेर पडेना. त्याच्या तोंडातून भलतंच निघालं. "थांबावं लागेल," तो म्हणाला. "अर्धा तास. फार वर्षं कोंडलेली आहे, तिला जरा श्वास घेऊ द्या." म्हणाला आणि स्वतःच दचकला. शब्द त्याचे नव्हतेच. एकूण एक शब्द दादाचे होते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी आवाजही थेट दादाचाच लागला होता. "अर्धाच ना?" धाकटी म्हणाली. "अठ्ठेचाळीस वर्षं निघाली, अर्ध्या तासानं काय आभाळ कोसळतंय? तोवर सूप आणा."

बाटली मंगळवारीच आली होती. जुन्या लोकरी स्वेटरात गुंडाळून, तान्ह्या पोराला आणावं तशी छातीशी धरून थोरलीनं ती आणली होती. वडिलांच्या कपाटात हिवाळी कपड्यांच्या मागे ती आडवी निजवलेली सापडली. मानेला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आणि चिठ्ठीवर रेखीव अक्षरात एवढंच: 'धाकटीच्या लग्नात.' वडील पुलांचे इंजिनियर. धाकटी जन्मली त्या वर्षाची वाइन त्यांनी हौसेनं मिळवून ठेवली होती. "लग्न काही जमलं नाही," धाकटी मंगळवारी मोकळेपणानं म्हणाली होती. "म्हणजे जमत होतं, मीच जमू दिलं नाही. पण त्यात या बिचारीनं काय घोडं मारलंय? गुरुवारी मला अठ्ठेचाळीस पुरी होतात. उघडून टाकू." तो लेबलावर वाकला होता. जुना दगडी मनोरा, खाली घराण्याचं नाव, त्याखाली वर्ष. फ्रान्समधल्या बोर्दोची तांबडी वाइन, तिथल्या मोजक्या मोठ्या घराण्यांपैकी एकाची, आणि वर्ष नेमकं तेच, एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या बाटलीवरचं. "दोन दिवस उभी ठेवतो, गाळ खाली बसू दे," असं तो अगदी सराईत आवाजात म्हणाला, बाटली घेऊन तळघरात उतरला, आणि मग तिथं एका उपड्या खोक्यावर बराच वेळ नुसता बसून राहिला.

अशी वाइन प्यायला घेत नाहीत, ठेवायला घेतात. लहानपणी ती तोंडात धरवत नाही, कच्च्या केळ्याची साल चावावी तशी तुरट लागते, दातांना चिकटून बसते. तिला अंधार हवा, गारवा हवा, आडवं निजणं हवं आणि कुणी हात लावू नये एवढी मेहेरबानी हवी. मग वीस-तीस वर्षांनी तिच्यातला तुरटपणा आपोआप मवाळ होतो आणि गाळ होऊन तळाशी बसतो. आज सव्वा वाजता त्यानं बाटलीच्या बुचावरचं पातळ पत्र्याचं टोपण कापलं, भिजकं जुनं बूच दोन पात्यांच्या चिमट्यानं डुलवत डुलवत वर घेतलं, आणि मानेखाली मेणबत्ती धरून वाइन काचेच्या सुरईत उतरवली. उजेडात गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आली तेव्हा हात थांबवला. हात दादानं शिकवले होते, ते चुकत नव्हते. चुकलं असेल तर नाक. सुरई त्यानं खिडकीजवळच्या फडताळावर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. एक वीस.

म्हणजे दहा मिनिटं कमी दोनला कळणार. काय कळणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणूनच सूपच्या वाट्या मांडताना तो पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होता. हा वास गेला आणि खालून वाइन वर आली, तर एकतीस वर्षांपूर्वी दादा बरोबर होता आणि तो चूक. नाही गेला, तर तो बरोबर. इतका साधा हिशेब. खरं सांगायचं तर ती वाइन खुलू नये, मेलेलीच निघावी, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि समोर बसलेल्या त्या दोघींच्या बापाची वाइन मरावी असं वाटणाऱ्या स्वतःची त्याला शरमही वाटत होती. "तुम्ही किती वर्षं आहात इथं?" थोरलीनं विचारलं. "एकोणचाळीस," तो म्हणाला. "अरे वा, मग वाइनसारखेच की," धाकटी म्हणाली, आणि तो रिवाजाप्रमाणे हसला.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी दादानंच त्याला इथं आणलं होतं. दादा बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा दादा अठरा वर्षांचा होता आणि हा सहा वर्षांचा, सगळ्यांचा बारक्या. दादानं शाळेला रामराम ठोकला आणि हॉटेलात पेले धुवायला लागला. सकाळी कामावर जाण्याआधी तो दारात उकिडवा बसून बारक्याची पेन्सिल तासून द्यायचा, दाढीच्या जुन्या पात्यानं, सावकाश, साल अखंड निघेल अशी; आणि निघालेली ती नागमोडी साल बारक्याच्या नाकाशी धरून विचारायचा, "कसला वास येतो सांग?" "पेन्सिलचा." "पेन्सिलचा कुठला? लाकडाचा येतो. शिसाचा येतो. रंगाचा येतो. नीट बघ." नाकानं बघायचं असतं हे त्याला तेव्हापासून माहीत. शाळेत पट्टी खाल्ली तेव्हाही त्यानं कंपासपेटी उघडून आत नाक घातलं होतं, आणि रडणं आपोआप थांबलं होतं. दादा पुढे पेले धुता धुता पेले भरायला लागला, मग तळघराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आल्या, आणि एकोणिसाव्या वर्षी परीक्षेत नापास होऊन बारक्या घरी तोंड लपवून बसला तेव्हा दादा एवढंच म्हणाला, "डोकं नाही चाललं तर नाही. नाक आहे ना? चल."

एक तीस. रिकाम्या वाट्या उचलून घेऊन जाता जाता तो फडताळापाशी थांबला, सुरईच्या तोंडाशी वाकला. गोणपाट. पाचोळा. तसूभर फरक नाही. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचं लगेच वाईट वाटलं. तळघरात दादा त्याच्या डोळ्यांवर जेवणाचा रुमाल बांधायचा आणि एकेक वस्तू नाकाखाली धरायचा: ओला दगड, तांब्याचं नाणं, कातडी पट्टा, विझलेली काडी, खडू, कधी स्वतःचा मोजासुद्धा. "हे काय?" "शी, दादा!" "शी नाही, नाव सांग." कधी तास तास चालायचं. वर वाढप्यांची पळापळ, खाली हे दोघे भाऊ अंधारात दगड हुंगत बसलेले. वाइनमध्ये यातलं काहीसुद्धा नसतं, दादा म्हणायचा, दगड नसतो नि पट्टा नसतो, द्राक्षं असतात आणि वेळ असतो. बाकी सगळं आपल्या डोक्यात कोंबलेलं असतं, ती येऊन फक्त कडी काढते. आणि एक नियम तर दादानं त्याच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता. जुनी बाटली उघडल्यावर पहिल्या अर्ध्या तासात तिच्याबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही. झोपेतून उठवलेल्या माणसाच्या तोंडाला वास येतो, म्हणून माणूस मेला असं म्हणतो का आपण?

नियम त्याला पाठ होता. हीच तर गोम होती. एकतीस वर्षांपूर्वी त्या दिवशी इथंच सिमेंटचा एक कारखानदार बसला होता, भोवती त्याच्या होला हो करणारी सात माणसं. दादानं बाटली उघडली, हुंगली, आणि म्हणाला, "साहेब, अर्धा तास द्या." कारखानदाराला थांबायची सवय नव्हती. त्यानं पेला ओढला, एक घोट घेतला आणि सगळ्या जेवणघराला ऐकू जाईल असं ओरडला, "ही कुजलीय!" दादा शांतपणे म्हणाला, "कुजलेली नाही, कोंडलेली आहे." झालं. बाचाबाची झाली, मॅनेजर धावत आला. त्या बाबाजीला दुधातलं पाणी ओळखता आलं नसतं, तर वाइन काय ओळखणार? त्यानं गोंधळून इकडं तिकडं बघितलं, आणि त्याची नजर भिंतीशी हात बांधून उभ्या असलेल्या सत्तावीस वर्षांच्या बारक्यावर पडली. "तू सांग रे," मॅनेजर म्हणाला. दादाला सोडून आपल्याला कुणीतरी विचारलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्याचे कान तापले. सगळं टेबल त्याच्याकडे बघत होतं. त्यानं पेला उचलला, हुंगला, गोणपाट आला, पाचोळा आला, आणि आपण थांबायला हवं हे पक्कं ठाऊक असताना त्याच्या तोंडातून खणखणीत आवाजात निघून गेलं, "खराब आहे, साहेब."

दादा रागावला नाही. तेवढं मात्र त्याला अजून लख्ख आठवतं. गणित तपासून घेणारा माणूस दुसऱ्याच्या वहीत बघतो, तसं दादानं त्याच्याकडे बघितलं. मग बाटली आणि सुरई उचलली आणि जिना उतरून खाली तळघरात गेला. तासाभरानं वर आला तो मुकाट्यानं कामाला लागला. पुढे दोन महिन्यांनी त्यानं मॅनेजरच्या टेबलावर किल्ल्या ठेवल्या, "आता मला जमत नाही" म्हणाला, आणि एका चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. किल्ल्या आपसूक बारक्याकडे आल्या. घरी त्या विषयावर कधीही एक अवाक्षर निघालं नाही. "बरं झालं," वहिनी एकदा हसत म्हणाल्या होत्या, "चष्म्याच्या दुकानात नाक लागतं ते फक्त चष्मा टेकवायला."

नाकानं सांगितलं ते आपण बोललो. एवढ्या एका वाक्याच्या आडोशाला तो एकतीस वर्षं राहिला. रात्रीच्या रात्री जागून काढल्या, तळमळला, असं काही नाही. माणूस असं तळमळत नसतो, पगार होतो, मुलं मोठी होतात. पण एक चित्र मात्र त्याच्या डोक्यात ठाण मांडून होतं. दादा खाली तळघरात उपड्या खोक्यावर बसलाय. अर्धा तास थांबलाय. वाइन खुललीय, उत्तम निघालीय, आणि दादा एकटाच ती घोट घोट पितोय. सगळं कळूनही तो वर येऊन काही बोलला नाही. का बोलला नाही? धाकट्या भावाची अब्रू झाकली म्हणून, की आयुष्यभर टोचत राहावं म्हणून? दोन्ही पटायचं आणि दोन्हींचा राग यायचा. दादा पुन्हा कधी वाइनला शिवला नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी हा त्यांच्याकडे जायचा, वहिनी चहाला उठायच्या, आणि दरवेळी न चुकता दादा म्हणायचा, "अगं, दूध बघ जरा. नासलं नाही ना?" वहिनी पातेलं नाकाशी नेऊन म्हणायच्या, "चांगलं आहे." दरवेळी. एवढ्या मोठ्या नाकवाल्या भावासमोर बायकोला दूध हुंगायला लावायचं, हा टोमणा नाही तर काय? चहा त्याला कडू लागायचा. तो हसून प्यायचा.

"अहो, झाला की नाही तिचा श्वास घेऊन?" धाकटीनं हाक मारली. एक पंचेचाळीस. भाजलेल्या मांसाच्या ताटल्या रिकाम्या होत आल्या होत्या. तो फडताळापाशी गेला, सुरई हलकेच एकदा फिरवली आणि वाकला. गोणपाट नव्हतं. त्यानं पुन्हा हुंगलं. पाचोळा नव्हता. तिथं काहीच नव्हतं, पुसलेल्या फळ्यासारखं कोरं, आणि त्याला वाटलं, संपली बिचारी, आपण सुटलो. एवढ्यात, अगदी तळातून, पेन्सिल आली. तासलेली. आधी लाकूड, मग शिसं, मग रंग. दारात उकिडवा बसलेला दादा, त्याच्या अंगठ्यावरची काळी पूड, जुन्या पात्याचा गंज, वाकलेली मान. आणि ती नागमोडी साल आपल्या नाकाशी धरून विचारणारा अठरा वर्षांचा पोरगा, ज्याची स्वतःची शाळा सुटून जेमतेम महिना झाला होता. फडताळाची कड त्यानं घट्ट धरली. लोक त्याला आधी दिसेनासे झाले आणि मग ऐकू येईनासे झाले. पेन्सिलमागून मुरलेल्या काळ्या फळांचा वास आला, आणि सगळ्यात शेवटी, येतोय की नाही असं वाटावं इतका हळूच, वाळलेला गुलाब, पुस्तकात ठेवून विसरलेला. एवढा वेळ एकतीस वर्षांपूर्वी कुणी दिला असता तर? कुणी कशाला, त्यानंच.

त्यानं दोघींना ओतलं. टेबलावर एक थेंब सांडला, आणि असं त्याच्या हातून वीस वर्षांत झालं नव्हतं. धाकटीनं घोट घेतला. दुसरा घेतला. "ताई," ती म्हणाली, "हे असं असतं होय? मग कुणाशीही केलं असतं गं लग्न." थोरली हसली, हसता हसता तिचे डोळे भरले, आणि ती म्हणाली, "बाबा असते तर म्हणाले असते, घाई केलीत, अजून दोन वर्षं ठेवायला हवी होती." मग तिनं त्याच्याकडे वळून विचारलं, "तुम्हांला माहीत होतं ना, ही अशी निघेल म्हणून? नाहीतर थांबा कशाला म्हणाला असतात?" त्याला खोटं बोलता आलं असतं, आणि ते या धंद्यात शोभलंही असतं. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "माझ्या भावाला माहीत होतं." काय ते तिला कळलं नसणार, पण ती शिक्षिका होती, पोरं कधी खरं बोलतात ते ओळखणारी. जाताना दोघींनी सुरईत दोन बोटं वाइन मुद्दाम मागे ठेवली. "भावाला द्या," थोरली म्हणाली.

आणि इथं त्यानं अशी चूक केली, की नवशिक्यानंही केली नसती. सोड्याच्या छोट्या रिकाम्या बाटलीत ती वाइन भरली, बाटली अर्धीच भरली तरी बूच लावलं, आणि ती कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी, अंगाच्या उबेला ठेवून तो बसमध्ये चढला. इतक्या म्हाताऱ्या वाइनला असल्या हालअपेष्टा सोसत नाहीत. ती तास-दीड तास बोलते आणि मग पडते, कायमची. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या वेळी त्याच्या डोक्यात एकच होतं, की हे दादाच्या नाकापर्यंत पोचलं पाहिजे. बस रस्त्याच्या कामापाशी अडकली. पुढे चौकात पुन्हा अडकली. खिशातली बाटली प्रत्येक धक्क्याला डुचमळत होती आणि त्याचं काळीज तिच्याबरोबर. पाचव्या थांब्यावर उतरून तो जवळजवळ पळत निघाला. दादाच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दारासमोरच, त्यानं बूच काढून नाक लावलं. पाणी घातलेलं व्हिनेगर. बस्स. त्यानं बूच पुन्हा लावलं, आणि आता परत फिरावं असं त्याला वाटलं. पण बेल तोवर वाजवून झाली होती.

"अगबाई, भाऊजी! आज गुरुवारचे कसे उगवलात?" वहिनींनी दार उघडलं. "अहो, बघा कोण आलंय. या, बसा, घाम बघा केवढा आलाय." दादा खिडकीशी बसला होता, सत्तरीचा, पाठीत थोडा वाकलेला, आणि कुणाच्यातरी चष्म्याच्या दांडीत मुंगीएवढा स्क्रू बसवत होता, निवृत्त झाल्यावरही शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चष्मे त्याच्याकडेच यायचे. "काय रे बारक्या," तो मान वर न करता म्हणाला, "काढलं की काय नोकरीवरून?" वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. त्यानं खिशातून बाटली काढून दादासमोर धरली. "हे हुंग." "मी?" दादा हसला. "मला कशाला? तुझ्या वहिनीला दे." "दादा, तूच हुंग." मग त्यानं वाइनचं नाव सांगितलं. वर्ष सांगितलं. दादाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. दादानं चष्मा बाजूला ठेवला, बाटली घेतली, नाकाशी नेली, बराच वेळ धरली आणि खाली ठेवली. "मला तर काहीच येत नाही रे," तो म्हणाला, आणि ते तो इतक्या सवयीनं, इतक्या शांतपणे म्हणाला, की बारक्याला राहवलं नाही.

"नाहीच येणार. बसमध्ये मेली ती. मी मारली. पण पावणेदोनला ती होती, दादा. उघडल्यावर आधी तसाच वास, त्या दिवशीचाच, अगदी तोच, आणि अर्ध्या तासानं सगळा गेला. मी त्या दिवशी चुकलो. थांबायचं असतं हे मला ठाऊक होतं, तू पढवलं होतंस, आणि तरी मी बोललो. सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून बोललो." एवढं बोलून त्याला धाप लागली. "तुला तर तेव्हाच कळलं असणार. खाली जाऊन प्यायला असशील तू ती. मग मला एकदा तरी बोलायचंस, शिव्या द्यायच्यास, हे असं मुकाट्यानं—"

"मी कुठं प्यायलो?" दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"मोरीत ओतली. खाली गेलो आणि ओतून दिली." दादा त्याच्याकडे नवलानं बघत होता. "तू खराब म्हणालास ना? मग काय करायचं तिचं? हे बघ, तो कारखानदार गाढव होता आणि मॅनेजर त्याच्याहून गाढव. त्यांचं मी मनाला लावून घेतलं नसतं. पण तू म्हणालास. तुझं नाक मी घडवलेलं, माझ्याहून चांगलं झालेलं. मी म्हटलं, याला सरळ खराब येतंय आणि मला कोंडलेलं वाटतंय, म्हणजे माझंच संपलं. होतं असं या धंद्यात माणसाचं. नाक गेलेल्या माणसानं किल्ल्या कमरेला लावून मिरवायचं कशाला?"

एकतीस वर्षं जे चित्र तो डोक्यात बाळगून होता, ते खोक्यावर बसून घोट घोट पिणाऱ्या दादाचं, ते कधी घडलंच नव्हतं. घडलं होतं ते एवढंच, की आपल्या भावाच्या शब्दावर विश्वास ठेवून एका माणसानं चांगली वाइन मोरीत ओतली होती आणि तिच्यामागून स्वतःला. टोमणा कधी नव्हताच. दूध. दरवेळचं ते दूध. त्याला रडू फुटलं, अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला शोभत नाही तसं, नाक वाहेपर्यंत.

"थांब, थांब," दादा म्हणाला. रडण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो पुढं सरकून बसला होता. "आधी काय गेलं ते सांग. गोणपाट?"

"गोणपाट. मग पाचोळा."

"मग काही वेळ काहीच नाही."

"काहीच नाही. मग पेन्सिल."

"तासलेली," दादा म्हणाला.

"तासलेली."

"मग काळं काहीतरी, मुरलेलं. आणि अगदी शेवटी..." दादानं डोळे मिटले, "गुलाब. वाळलेला. पुस्तकात ठेवतात ना, तसला."

गुलाबाबद्दल त्यानं अजून कुणालाही सांगितलं नव्हतं, त्या बहिणींनासुद्धा नाही. "तुला कसं कळलं?" "त्याच वाइनच्या खोक्यातली पहिली बाटली मीच उघडली होती की, सहा वर्षं आधी, मालकांबरोबर. तेव्हा आला होता गुलाब. मालकांना नव्हता आला. नंतर मला वाटलं, तेव्हापासूनच बिघडलं असेल माझं, भास झाला असेल." मग लहान पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "म्हणजे माझं नाक गेलं नव्हतं?"

"नाही, दादा."

"नव्हतं गेलं."

"कधीच नाही."

खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. आता तो ओरडेल, बाटली भिरकावेल, निदान हिशेब मागेल, असं बारक्याला वाटलं, आणि मागितला तर द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. तेवढ्यात वहिनी दुधाचं पातेलं हातात घेऊन दारात आल्या, नेहमीप्रमाणे त्यात नाक घातलेलं. "मी आपलं विचारायच्या आधीच सांगते," त्या म्हणाल्या, आणि दोघांची तोंडं बघून थबकल्या. "काय झालं? भाऊजी, डोळे का लाल?"

"आण ते इकडे," दादा म्हणाला.

"बघितलंय मी. चांगलं—"

"आण म्हणतो ना."

दादानं पातेलं दोन्ही हातांत धरलं, मान वाकवली आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. "अहो, दूध आहे ते," वहिनी म्हणाल्या, "त्याला अर्धा तास लावू नका." दादानं डोळे उघडले नाहीत. त्यानं आणखी एकदा, खोलवर हुंगलं. मग पातेलं वहिनींच्या हातात परत दिलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "ठेव चहा."